खिळ्यावरचा वाडगा

३ आजर, निवारा

हूशंग,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, तेव्हा नुसतं नाव. तुझा पत्ता मावशीच्या परीदुख्तने दिला. फोनचा नंबरही देत होती, पण माझा आवाज ऐकताच तू फोन ठेवशील, मग मी तुला शिव्या देईन आणि त्या तुझ्यापर्यंत पोचणारही नाहीत. कागद फाडायचा तरी आधी उघडावा लागतो.

कामाचं आधी सांगतो. आईचं हृदय थकलं आहे. वसंतातल्या नवरोजपर्यंत टिकली तर नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. अकरा वर्षांत तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. आता औषधाच्या प्रत्येक चमच्यामागे घेते. "हूशंगला बघायचंय." दुसरं काही मागत नाही, तेव्हा ये. तू गावच्या घरात असेपर्यंत मी वर गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात राहीन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही आणि मला तुझं.

मी अजून इथेच आहे. गुरुवारी तेहरानहून चढणारे चढतात, शुक्रवारी उतरतात आणि मी तीच देग ढवळतो. आताची मंडळी डोक्यापासून पायापर्यंत रंगीत कपड्यांत येतात, मनगटावरच्या घड्याळात उंची मोजतात, आणि मसुराच्या अदसीचा वास आला की सगळी लहान पोरांसारखी चुलीपाशी दाटीवाटी करतात. इंजिनियर फरामर्झ अजून येतो. पोट सुटलंय, गुडघे गेलेत, तरी येतो. परवा दारातूनच ओरडला, "काका, आज मसूर शिजलाय की पुन्हा दगड चावायला देताय?" मी म्हटलं, "तुझे दात गेलेत, मसुराला कशाला नावं ठेवतोस?"

फळीही तिथेच आहे. परवा एका नव्या मुलीने विचारलं, "काका, हे वाडगे खिळ्यांवर का टांगलेत?"

मी सांगितलं, "इथून वर जाणाऱ्याने आपला वाडगा फळीवर टांगायचा. उतरला की मी त्याला त्यातच वाढतो. दुपारी तीनला खिळ्यावर वाडगा उरला, म्हणजे माणूस वर उरला. मग बाकीचे दोर घेऊन शोधायला निघतात. तो सापडेपर्यंत देग चुलीवरून उतरत नाही."

"आणि कुणी चुकून वाडगा काढला तर?"

"बाई, अदसी खा. गार होतेय."

हाच प्रश्न मी तुला अकरा वर्षांपूर्वी विचारला होता. फळी तुझ्याकडे होती. तीनला ती बघणं हे तुझं काम होतं. माझ्या मुलाचा वाडगा तुझ्या फळीवरून उतरला, कुणी शोधायला गेलं नाही, आणि माझा बर्दिया बावीस वर्षांचा, निवाऱ्यापासून चारशे पावलांवर गोठून मेला. तू "मी नाही" एवढं म्हणालास आणि स्वीडनला चालता झालास. मी काही विसरलेलो नाही, माफही केलेलं नाही. पण आईला तुला बघायचंय.

कियूमर्स

२९ आजर, निवारा

हूशंग,

तुझ्या चार ओळी पोचल्या. अकरा वर्षांनी माणूस चार ओळी लिहितो आणि त्यात आईच्या तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकतो, त्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

"येईन. आधी बर्दियाचा वाडगा कोणी काढला ते तुझ्या हाताने लिही. मग तिकीट काढतो."

वा! म्हणजे आईने मरता मरता वाट बघायची आणि तू तिथून अटी घालायच्या. कागद चुलीत टाकणार होतो, पण आईला दाखवायचा होता म्हणून ठेवला.

तिला वाचता येत नाही हे देवाचे उपकार. शनिवारी खाली गेलो तेव्हा तिने पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, उशीखाली ठेवलं. "काय म्हणतो?"

"येईन म्हणतो."

"एवढंच? ओळी तर चार दिसतायत."

"तुझी तब्येत विचारलीय."

"मग वाच ना तेवढं."

मी तिथल्या तिथे पाच-सहा वाक्यं रचून वाचली. तू तिला 'आईजान' म्हटलंस, तुला तिच्या हातच्या आशीची, त्या शेवया-पालकाच्या घट्ट सुपाची, आठवण येते असं लिहिलंस. तिला ते खरं वाटलं. तुझ्या वतीने मीच इतकं गोड बोलावं, ही माझ्यावर आलेली वेळ बघ.

इथे थंडीने कहर केलाय. पाण्यासाठी बर्फ वितळवतो, तर पिंपातलं पाणी दुपारपर्यंत पुन्हा गोठतं. या शुक्रवारी बेचाळीस माणसं होती. फरामर्झ वही घेऊन चुलीपाशी बसला. त्याच्या मित्रांचा कंपू थंडीत तंबू टाकून राहतो, त्यांना माझी अदसी लिहून हवी आहे.

"घरी केली तर ही चव येत नाही, काका. काहीतरी लपवताय तुम्ही."

"लिही. मसूर दोन दिवस भिजव. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण नुसत्या उकळण्याने काही शिजत नाही. कांदा मेंढीच्या चरबीत तांबूस होईपर्यंत परत, हळद टाक, मग मसूर, बटाटा, पाणी. झाकणावर दगड ठेव. आणि मीठ अगदी शेवटी. आधी घातलंस तर मसूर हट्टाला पेटतो, दिवसभर शिजत नाही."

"आणि वर ती हिरवट पूड?"

"गुलपर. डोंगरातलं झाड आहे, वाळवून कुटायचं. ते नसेल तर मसूर पोटात रात्रभर भांडतो."

"प्रमाण?"

"माणसांचं धर. जितकी वर गेलीत त्याहून चार जास्त."

"चार कशाला?"

"कारण खालून नेहमी कुणीतरी न सांगता येतं, आणि त्यांना उपाशी ठेवायचं नसतं." एवढं बोलून मी देग ढवळायला लागलो. त्याने दोनदा काहीतरी विचारलं, मी ऐकलं नाही. वही मिटून तो उठला.

तू विचारलंस त्याबद्दल: फळी तुझ्याकडे होती. याहून जास्त मला लिहायचं नाही.

कि.

१४ दे, निवारा

हूशंग,

आईचे पाय सुजलेत. कालपासून बसूनच झोपते, आडवी झाली की श्वास लागतो. प्रत्येक वेळी दार वाजलं की मान वळवते, दारात मी असतो, आणि ती मान परत वळवते. मीही तिचा मुलगाच आहे, पण हल्ली माझं येणं म्हणजे तुझं न येणं.

हे पत्र मी तिच्यासाठी लिहितोय, तुझ्यासाठी नाही. हे वाक्य लिहून मी तासभर बसलो. देगीला खालून लागलं, तेही कळलं नाही.

वाडगा मी काढला.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो. त्या शुक्रवारी सकाळी बर्दिया वाट दाखवणाऱ्या काठ्या रोवायला वर गेला. जाताना वाडगा टांगून म्हणाला, "बाबा, खालचा खरपूस भाग माझ्यासाठी ठेवा." मी म्हटलं, "आधी काम कर." हे आमचं शेवटचं बोलणं. अकराला वादळ सुरू झालं. वर गेलेले सगळे धडाधड उतरायला लागले, चाळीसच्या निवाऱ्यात साठ माणसं कोंबली गेली. तू फळीवरचे वाडगे काढून माझ्याकडे देत होतास, मी भरत होतो, आई मागे धुवायला बसली होती. तेवढ्यात खालून सातजण आले. त्यांच्याकडे वाडगे नव्हते. सहाजणांचं कसंबसं जमवलं, कुणाच्या थर्मासच्या झाकणात, कुणाच्या तव्यात. सातवी एक मुलगी होती. ओठ निळे, दात वाजताहेत, दोन्ही हात काखेत. चुलीसमोर उभी राहून ती देगीकडे बघत होती, मागत काही नव्हती.

फळीवर एकच वाडगा होता. मला तो कुणाचा ते माहीत होतं, हूशंग. काठाला चेपलेला, तळाशी त्याने खिळ्याने कोरलेलं नाव. गर्दीत न बघता काढला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मी बघून काढला. पाहुणी उपाशी उभी आहे आणि घरच्या पोराचा वाडगा रिकामा लटकतोय, हे मला शोभेना. घरचा माणूस काय, ओगराळ्यानेही खाईल. आपल्या बाबांनी हेच शिकवलं ना आपल्याला? ती खाईल, मी विसळून परत टांगेन, पाच मिनिटांचं काम. आणि मला त्या क्षणी स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

मग चरबी पेटली, कुणाच्या तरी बोटांना फोड आले, कुणी रडत होतं. मी विसरलो. तीनला तू वाढायच्या खिडकीतून डोकं आत घातलंस. "दादा, फळी रिकामी आहे. सगळे उतरले ना?"

मी पाठ फिरवून होतो. काय म्हणालो ते तुलाही आठवत असेल. "डोळे आहेत ना तुला? फळी बघ आणि कामाला लाग!"

तू फळी बघितलीस, दोरवाल्यांना खाली पाठवलंस. तुला बर्दियाचा वाडगा तू काढल्याचं आठवत नव्हतं, म्हणूनच तू विचारलंस. आणि मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी त्याला आणलं तेव्हा मला सगळं आठवलं, अगदी त्या मुलीच्या हातमोज्यांचा रंगसुद्धा. सगळे तुझ्याकडे बघत होते, कारण फळी तुझी. मीही तुझ्याकडे बघितलं. तू "दादा, मी नाही" म्हणालास आणि मी ओगराळं तुझ्या कपाळावर मारलं. त्या वेळी कुणी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी तसाच कड्यावरून खाली गेलो असतो. म्हणून मी तुझ्याकडे दाखवलं.

झालं. माझ्या हाताने लिहून दिलं. आता तिकीट काढ.

कियूमर्स

८ बहमन, गाव

हूशंग,

पत्र मिळालं. "१२ इस्फंद, सकाळचं विमान." म्हणजे अजून पाच आठवडे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. शिवी तरी लिहायचीस. कागद उलटून बघितला, मागेही कोरा.

पण आईला सांगितलं तेव्हा बघायला हवं होतंस. कंगवा मागितला. शेजारणीकडून फुलाफुलांचा रुमाल मागवला, स्वतःचे तिला सगळे म्हातारीचे वाटतात. मग माझी परीक्षा सुरू झाली.

"आश कोण करणार?"

"मी करेन. तीस वर्षं दुसरं काय करतोय?"

"तू डोंगरावरच्या लोकांना घालतोस ते त्यांना आवडतं, कारण ते तिथे अर्धमेले होऊन पोचतात. इथे खाली ते शेळीही खायची नाही."

"मग तू सांग, मी करतो."

"शेवया शेवटी टाकायच्या. पालक हाताने तोडायचा, सुरीने नाही. पुदिना तळताना तिथून हलायचं नाही, तो एका श्वासात जळतो. आणि कश्क पातळ करू नकोस, हूशंगला घट्ट लागतं."

तुला लहानपणी कश्काचा, त्या आटवलेल्या ताकाचा, गोळा चाटताना मी पकडलं होतं, ते तिला आठवलं आणि ती इतकी हसली की खोकल्याने निळी पडली. हसणं थांबल्यावर मी बराच वेळ तिची पाठ चोळत बसलो. मला बरं वाटत होतं. हे तुला लिहायला लाज वाटतेय, पण वाटत होतं.

तू येण्याआधी तिला माझ्या तोंडून सगळं कळायला हवं. तू दारात उभा आणि तिच्या मनात अजून तूच दोषी, हे आता चालणार नाही. येत्या शनिवारी सांगतो. तिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल, वर माझी चूल आहे.

कि.

१५ बहमन, निवारा

हूशंग,

हे पत्र तुला विमानाच्या आधी मिळेल. मिळू नये असंही एकदा वाटलं.

शनिवारी सांगितलं. उशी पाठीशी लावून ती बसली होती, मी खाली गालिच्यावर. मी म्हटलं, "आई, बर्दियाचा वाडगा हूशंगने काढला नव्हता. मी काढला होता."

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"ओरडू नकोस. बहिरी नाही झालेले. वाडगे कोण धूत होतं त्या दिवशी? मीच ना? तो चेपका वाडगा माझ्याच हातात आला, अजून गरम होता. तू काढताना पण बघितलं होतं मी. मी म्हटलं, बापानंच काढलाय, म्हणजे पोर आलं. आलं असेल, कुठंतरी कोपऱ्यात झोपलं असेल. विसळून पालथा घातला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तू हूशंगचं नाव घेतलंस."

"मग तू का नाही बोललीस?"

माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं मी लहानपणी काही मूर्खासारखं विचारल्यावर बघायची. "तुझं तोंड बघितलं होतं मी. मी बोलले असते तर संध्याकाळच्या आत तू कड्याखाली असतास. नातू गेलाच होता. त्याची आई गेल्यावर तळहातावर वाढवलेला नातू. वर मुलगा पण घालवू?"

"हूशंग पण मुलगाच होता तुझा."

"हूशंग तरुण होता. बायको नाही, पोर नाही. कुठंही गेला असता तरी जगला असता." मग गुडघ्यावरची चादर सारखी करत म्हणाली, "जगला की."

मी उठायला लागलो तर तिने मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी मला सोडवता आलं नाही. "त्याला हे लिहू नकोस, कियू. एकदा येऊन जाऊ दे. मी गेल्यावर सांग काय ते."

मी हो म्हणालो. आणि आज लिहितोय.

का लिहितोय, ते मला नीट सांगता येत नाही. तू लेखी सत्य मागितलंस आणि मी अर्धंच दिलं होतं, म्हणून असेल. अकरा वर्षं मी समजत होतो की या घरात मी एकटाच खोटा आहे. शनिवारी कळलं की आम्ही दोघं आहोत, आणि मला हलकं वाटलं, हूशंग. आईच्या समोर बसून हलकं वाटलं. आणखी एक गोष्ट आहे. तू येशील, तिच्या गळ्यात पडशील, ती तुला आश भरवेल, आणि माझ्याकडे तुम्ही दोघं बघणारही नाही. तू तिचा लाडका, ती तुझी बिचारी आई, आणि खुनी फक्त मी. हे मला सोसणार नव्हतं. मी इतका नीच आहे हे मलाही आजच कळलं.

तिने जे केलं ते मला जगवायला केलं. ते तुझ्या जिवावर केलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही खोडता येत नाही.

तरी ये. तिच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत.

कियूमर्स

१३ इस्फंद, गाव

हूशंग,

काल सकाळी मी विमानतळावर होतो. फरामर्झ त्याच्या गाडीने घेऊन गेला, तोही तुला भेटायला उत्सुक होता. माणसं बाहेर येत राहिली, मिठ्या मारत राहिली. शेवटी एक म्हातारा एकटाच सामानाची गाडी ढकलत आला, त्याच्यामागे दार बंद झालं. आम्ही पुढच्या विमानालाही थांबलो. फरामर्झ दोनदा म्हणाला, "चुकला असेल, काका, दुसऱ्या दाराने गेला असेल." त्याला काय सांगणार, की मीच तुझं येणं पत्रात घालून परत पाठवलं?

मी तुला दोष देत नाही. हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं आणि आता त्याचा काही उपयोग नाही.

परतताना घाटात रस्ता कोरडा होता. कडेचा बर्फ वितळून पाणी वाहत होतं, आकाश असं निळं की डोळे दुखावेत. दुपारी दीडला घरी पोचलो. आश पहाटेच करून ठेवली होती, शेवया शेवटी टाकून, पालक हाताने तोडून, कश्क घट्ट. पुदिना एकदा जळला, तो फेकून दुसरा तळला. शेजारच्या दोन बायका तुला बघायला येऊन बसल्या होत्या. मला एकटा बघून त्या उठल्या आणि काही न विचारता गेल्या.

आई खिडकीपाशी होती. तिने स्वतःला पलंगासकट तिथे सरकवायला लावलं होतं, फाटकापर्यंतची वाट दिसावी म्हणून. डोक्यावर तो फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर हात, केस विंचरलेले. ती माझ्या मागे बघत राहिली, दार मी बंद करेपर्यंत.

"कुठाय?"

येताना सगळ्या रस्त्यात मी विचार करत होतो की काय सांगायचं. एवढ्या वेळात मला एकच सुचलं होतं. "विमानं बंद आहेत, आई. बर्फ फार पडतोय."

खिडकीतून ऊन थेट तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं. पागोळ्या थेंबाथेंबाने गळत होत्या, तो आवाज खोलीत ऐकू येत होता. ऐंशी वर्षं या डोंगरात काढलेली बाई, ढगाच्या रंगावरून दोन दिवसांचं हवामान सांगणारी. तिने मान वळवून बाहेर बघितलं. वाटेकडे, फाटकाकडे, उन्हाकडे, पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की मी तुला काय लिहिलं ते तिला समजलंय.

"हो रे," ती म्हणाली, "फारच पडतोय."